इशारा पातळी

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ऐनापुरे काकू
गणपती पेठेतला माझा जिना चढतात.
हातात भडंगाचीच पिशवी, आत वर्षभराची बिलं,
तेलानं आरपार दिसणारी.
आधी लसणाचा वास येतो, मागून नमस्कार.

मी शेंगदाण्याचं एक बिल उजेडाला धरतो.
आकडा उडालाय.
ही गुळगुळीत पावती सहा महिन्यांत कोरी होते, काकू,
आल्या दिवशीच फोटो काढून ठेवा.
"गॅसची पण?"
गॅसची पण. भट्टीचा वेगळा, घरचा वेगळा.
आणि गल्ल्यातून भाजीला दोनशे काढले
तर दोनशे लिहा.
चोरी नाही ती, उचल आहे;
न लिहिलेली उचल मात्र
मला मार्चनंतर चोरासारखी हुडकावी लागते.

त्या पदर सावरतात. खरं दुखणं आता निघणार.
"अश्लेषानं गाडीवर तो बोलका डबा लावलाय.
साठ रुपये मिळाले, एकशेवीस मिळाले,
सगळ्या खणभागाला ऐकू जातं.
आधी माझी विक्री देवाला ठावं होती, न् मला.
आता कुणाकुणाला ठावं झाली असंल?"

मी टेबलावर बोटानं पूल काढतो.
आयर्विनवर पाणी चाळीस फुटांना लागलं
की काय म्हणतात?
"इशारा."
इथंही चाळीसच. फुटांऐवजी लाख.
माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल तिथं गेली
की जीएसटीचा नंबर घ्यायचा.
नफा नव्हे हं, उलाढाल.
सुट्या चुरमुऱ्यावर कर नसेल, मोजताना तोही मोजतात.
खणभागातली गाडी, विश्रामबागचा गाळा,
पुण्याला जाणारी कुरिअरची खोकी,
पॅन एक तर पाणी एक;
हरिपुरात वारणा येऊन मिळते
तेव्हा पुढं कुणी विचारतं का
ही घागर कुठल्या नदीची?

"जावई म्हणत्यात, अर्धं सुनेच्या नावावर दावा."
भट्टी एक, कढई एक, हात तुमचा,
नाव तेवढं दुसरं?
कुणी विचारलं तर जावई येणार आहेत का उत्तर द्यायला?

"मग दिवाळीच्या ऑर्डरी घेत न्हाई.
एकोणचाळीसवर थांबते."

हे मला दर वर्षी कुणीतरी म्हणतं.
बेकरीवाला सनदी म्हणाला होता,
फर्निचरवाला मुजावर म्हणाला होता.
माझ्याकडं याला तयार उत्तर नसतं.
छोट्यांसाठीची सोपी योजना सांगतो,
आगाऊ कराची पंधरा मार्च सांगतो,
महिन्याच्या महिन्याला थोडं बाजूला टाका म्हणतो,
आणि सांगता सांगता
माझाच आवाज मला त्या डब्यासारखा वाटतो.

काकू खिडकीतून खाली बघत राहतात.
मग स्वतःशीच बोलल्यासारखं,
"नदी कधी एकोणचाळीसवर थांबलीया व्हय."

एकोणीस साली माझं ऑफिस तळमजल्यावर होतं.
पाणी ओसरल्यावर खातेवह्या दोरीवर वाळत घातल्या,
निळी शाई, सगळी धुऊन गेलेली,
पस्तीस गिऱ्हाइकांचं एकच आभाळ झालेलं.
काकूंची वही तेव्हाही तपासायला माझ्याकडंच होती.
पानं फुगली होती, कडेला गाळ,
पण डाळे तीन किलो, मीठ, मजुरी सखुबाई,
अक्षर न् अक्षर जागच्या जागी.
त्या पेन्सिलीनं लिहितात.
दुकानाच्या विम्याला तेवढाच पुरावा पुरला.
दुसऱ्या दिवशी मी पेन्सिलींचा डबा आणला,
कुणाला कारण सांगितलं नाही.

काकू उठतात. पाव किलोचं पुडकं टेबलावर ठेवतात.
"ऱ्हाऊ द्या ओ, पोरांना."
नाही. किती झाले?
मी फोन काढतो, त्यांच्या पिशवीवरचा चौकोन टिपतो.
त्या जिन्यात थांबून वही उघडतात,
पेन्सिलीचं टोक जिभेला लावतात.

तिकडं खणभागात डबा ओरडला असणार.